फुलायले हात लागते

"ताई, बी तं चांगलंच हाय. फुलायले हात लागते." बियाणेवाल्यानं गल्ल्यावरून मान वर न करता हे ऐकवलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. गॅलरीत दरवर्षी पिटुनिया, शेवंती, डायन्थस फुलवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं!

निळ्या रंगाचा हव्यास, म्हणून लोबेलिया. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं हे वीतभर झाड आपल्याकडे हिवाळी फुलांत मोडतं. याचाच भाऊबंद देवनळ आपल्या सह्याद्रीत पुरुषभर उंच वाढतो, पण त्याची फुलं पांढुरकी. मला हवा होता तो कुंडीच्या काठावरून ओघळणारा गर्द निळा.

आता त्या पाकिटाबद्दल. पुढे सुंदर फोटो आणि मागे सूचना: बी अर्धा इंच खोल पेरून वरून माती टाकावी. लोबेलियाचं बी कधी हातात घेतलंय? खसखस त्याच्यापुढे जाडीभरडी वाटते. ग्रॅमभरात 30 हजारांच्या पुढे बिया बसतात. त्या उगवायला उजेड लागतो, आणि एवढ्याशा बीच्या पोटात शिदोरी ती किती? अर्धा इंच माती फोडून वर यायचं बळ कुठून आणणार? पण दुकानात त्याच कंपनीची झेंडूची, झिनियाची पाकिटं उलटून बघितली, तर शब्दन्‌शब्द तीच सूचना. एकच मजकूर सगळ्या फुलांना चिकटवून मोकळे! मी सांगितल्याप्रमाणे केलं, आणि कुंडीत शेवाळाशिवाय काही आलं नाही. तक्रार घेऊन गेले तर वर हा हात-पुराण.

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला, शेतांचे पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेतकऱ्याचं वर्ष बुडतं, माझी एक कुंडी रिकामी राहिली. दोन्ही एका तागडीत घालायचा वेडेपणा मी करणार नाही. तरी पाकिटामागे खरं छापायला पैसे जास्त लागतात का, एवढं कोणी सांगेल?

पाकिटात थोडं बी उरलं होतं. कोकोपीटमध्ये चाळलेलं गांडूळखत आणि बारीक रेती मिसळून पसरट कुंडी भरली. चिमूटभर बी कोरड्या रेतीत कालवून वर नुसतं भुरभुरलं, मातीचा कणही टाकला नाही. झारीनं पाणी घातलं तर बी वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली आणि ओल खालून चढू दिली. वर काच. काही दिवसांनी चष्मा लावून वाकून बघते तर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. बुरशी कसली, रोपं होती! एकेक वेगळं करायचा प्रश्नच नव्हता. चमच्यानं झुबकेच्या झुबके उचलून लावले. जानेवारीत पहिली फुलं आली, प्रत्येकाच्या मधोमध पांढरा ठिपका.

म्हणजे बी चांगलंच होतं. दुकानदार त्या अर्ध्या वाक्यात खरा निघाला, याचाही मला रागच आला. त्या दुकानाची पायरी चढणार नाही म्हणाले होते. या दसऱ्याला चढले. लोबेलिया मला दुसरीकडे मिळाला नाही.

लावायचाच असेल तर दसरा-दिवाळीच्या मधे लावा, ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावर. दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या. झाड विषारी आहे, लहान मुलांच्या आणि मांजराच्या तोंडापासून लांब टांगा. आणि मार्च सरताना पिवळं पडू लागलं की उपटून टाका. कूलरच्या पाण्यानं जगवायच्या भानगडीत पडू नका. नागपूरचा उन्हाळा लोबेलिया काढत नाही.