घरच्या संगणकाचा पहारेकरी

पालकसभेस आलेली मंडळी मुलांच्या गुणांविषयीं बोलून झाल्यावर अलीकडे आम्हांस आणखी एक प्रश्न विचारूं लागली आहे. घरचा संगणक फार मंद झाला आहे, आंत कोणी हेर शिरला असावा असें लोक म्हणतात, तर त्यावर हलकेंसें कोणतें सॉफ्टवेअर घालावें? वास्तविक आम्ही मराठीचे शिक्षक. परंतु शाळेच्या संगणक-खोलीच्या किल्ल्या कित्येक वर्षें आमच्या खिशांत असल्यामुळें हें गाऱ्हाणें आमच्याच दारीं येतें. प्रत्येकास उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षां या वार्षिकांत एकदांच सविस्तर लिहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

स्पायवेअर या शब्दांतच त्याचा धंदा सांगितलेला आहे. व्हायरस बहुधा मोडतोड करून आपलें अस्तित्व दाखवितो. हा हेर कांहीं मोडीत नाहीं. तो कोपऱ्यांत बसतो, पाहतो आणि पाहिलेलें बाहेर पाठवितो. आपण कोणतीं पानें उघडलीं, काय शोधलें, आणि हेर फारच धीट असेल तर कळफलकावरील कोणकोणत्या कळा दाबल्या येथपर्यंत त्याची मजल जाते. आईनें विजेचें बिल भरण्यासाठीं बँकेचा परवलीचा शब्द लिहिला, तर तोही त्याच्या वहींत उतरतो. शिवाय हा पाहुणा खिडकी फोडून येतो असेंही नाहीं. जुन्या टंकांतील मराठी मजकूर युनिकोडांत आणावयाचा म्हणून कोठून तरी फुकट साधन उतरवून घ्यावें, सूचना न वाचतां ‘पुढें, पुढें’ असें बटण दाबीत जावें, म्हणजे त्या साधनाच्या पदराआडून आणखी दोघेतिघे घरांत येतात. दार आपणच उघडलेलें असतें.

अशा हेरांस हुडकून काढणारीं सॉफ्टवेअरें पूर्वीं निराळीं मिळत. १९९९ सालीं ॲड-अवेअर निघालें, २००० सालीं स्पायबॉट. आमच्या वयाच्या वाचकांस तीं आठवत असतील. त्या काळीं व्हायरसासाठीं एक आणि हेरांसाठीं दुसरें, अशीं दोन ठेवणें शहाणपणाचेंच होतें. पुढें मायक्रोसॉफ्टनें डिसेंबर २००४ मध्यें जायंट नांवाची कंपनी विकत घेतली, आणि तिच्या हेरशोधक सॉफ्टवेअरावरून २००६ सालीं विंडोज डिफेंडर तयार केलें. २०१२ च्या विंडोज आठपासून तेंच डिफेंडर व्हायरसाचाही समाचार घेऊं लागलें. म्हणजे विंडोज दहा किंवा अकरा ज्या घरांत आहे, तेथें एक पहारेकरी वेगळा पैसा न देतां आधींच दारांत उभा आहे. निरनिराळे दोन ठेवण्याचें कारण संपलें. संवय मात्र राहिली.

आणि या संवयीनेंच संगणक जड होतो. पहारा देणारें सॉफ्टवेअर प्रत्येक फाईल उघडतांना तिला थांबवून तपासतें. एक पहारेकरी असला तर हा उशीर बहुधा जाणवत नाहीं. दोन असले म्हणजे एकच फाईल दोघेही उलटीपालटी करून पाहतात, आणि कधीं कधीं एकमेकांवरच संशय घेतात. गेल्या वर्षीं नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील आपला संगणक आमच्याकडे घेऊन आले. ते एस. टी. मध्यें वाहक आहेत. थोरल्या मुलीचे प्रवेशपरीक्षेचे अर्ज त्याच संगणकावरून भरावयाचे होते, आणि दुकानदारानें तर यंत्र निकामी झालें, नवें घ्या, असें सांगून टाकलें होतें. नव्यासाठीं त्यांना पतपेढीचें कर्ज काढावें लागणार होतें. आम्हीं कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. स्मृति अवघी चार जीबी, डिस्क जुनी फिरती. आणि त्यावर व्हायरसाचीं दोन सॉफ्टवेअरें व वेग वाढविण्याचें आश्वासन देणारें तिसरें, अशी तिघांची वर्दळ. एक यंत्राबरोबरच आलेलें व मुदत संपलेलें, दुसरें त्याच दुकानांत घातलेलें, आणि तिसरें कोणीं आणलें हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. तिन्ही काढून टाकलीं, तेव्हां इतके दिवस बाजूस सारलेलें डिफेंडर आपण होऊन जागें झालें. संगणक नव्यासारखा झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हावा ही जी स्थिति होती ती पालटली, आणि मुलीचे अर्ज मुदतींत गेले. फिरत्या डिस्कच्या जागीं एस. एस. डी. बसविल्यास याहून मोठा फरक पडतो. तो खर्च त्यांनीं पुढें दोन महिन्यांनीं सोयीनें केला.

त्या तिसऱ्या अनाहूत सॉफ्टवेअराविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. संगणकावर एकाएकीं तांबडी चौकट यावी, ‘तुमच्या यंत्रांत इतके हेर सांपडले’ असें तींत लिहिलेलें असावें आणि खालीं पैसे भरण्याचें बटण असावें, हा जुना भोंदूपणा आहे. २००८ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें विनफिक्सरसारखीं खोटीं सॉफ्टवेअरें विकणाऱ्यांवर खटला भरला, तेव्हां फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचें त्या कमिशननें म्हटलें होतें. ज्याचें नांव आपण स्वतः शोधून काढलेलें नाहीं, असा पहारेकरी दारावर थाप मारून नोकरी मागूं लागला तर त्यास आंत घेऊं नये. येथवर पुष्कळांस पटतें.

पटण्यास कठीण तें पुढेंच आहे. अव्हास्ट हें लोकमान्य सॉफ्टवेअर. फुकट मिळे म्हणून कोट्यवधि घरांत तें होतें. त्याच कंपनीची जंपशॉट नांवाची एक शाखा ग्राहकांनीं कोणकोणतीं पानें पाहिलीं याची माहिती विकीत होती, हें जानेवारी २०२० मध्यें वृत्तपत्रकारांनीं उघडकीस आणलें. शाखा तत्काळ बंद झाली. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याच फेडरल ट्रेड कमिशननें कंपनीस १ कोटि ६५ लक्ष डॉलर भरण्यास सांगितलें व जाहिरातींसाठीं अशी माहिती विकण्यास बंदी केली. हेर हुडकण्यासाठीं नेमलेला इसमच खबरा विकीत होता! म्हणून हलकें सॉफ्टवेअर कोणतें, असें कोणीं विचारिलें म्हणजे आमचा पहिला प्रतिप्रश्न असतो कीं, तें बाहेर काय नेतें? पहारेकऱ्यास घरांतील प्रत्येक खोली पाहण्याची मुभा द्यावी लागते. इतकी मुभा एकाहून अधिकांस कां द्यावी?

वजन तोलावयाचें तर त्याचेही कांटे आहेत. ऑस्ट्रियांतील इन्सब्रूक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि जर्मनींतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट या संस्था अशा सॉफ्टवेअरांच्या परीक्षा घेऊन निकाल विनामूल्य प्रसिद्ध करितात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग व वापरण्याची सुलभता या तीन विषयांस प्रत्येकीं सहा गुण देते. पालकांनीं एकूण बेरीज पाहून थांबूं नये. मुलाचें प्रगतिपुस्तक पाहतां तसा विषयवार निकाल पाहावा. तथापि त्यांच्या प्रयोगशाळेंतील यंत्रें आपल्या घरच्यासारखीं असतीलच असें नाहीं. अखेरची परीक्षा आपल्याच टेबलावर व्हावयाची. स्वदेशीचा मुद्दाही निघतो. क्विक हील ही पुण्याची कंपनी, काटकर बंधूंनीं गणकयंत्रें दुरुस्त करण्याच्या धंद्यांतून वाढविलेली. तिचें आम्हांस कौतुक आहे. पण तिच्या सॉफ्टवेअरासही हाच कांटा लावावा, आणि तें घेतलें तर मग दुसरें घेऊं नये. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही यंत्र साफ करण्याचीं साधनें फुकट मिळतात.

आम्हीं स्वतःच्या घरीं डिफेंडरच ठेविलें आहे. महिन्यांतून एकदां ॲडव्‌क्लीनर चालवितों. तें यंत्रावर बसवावें लागत नाहीं, झाडलोट करतें व निघून जातें. घरांतील मुलांचें खातें साधें ठेविलें असून कांहीं नवें बसवावयाचें झाल्यास मोठ्यांचा परवलीचा शब्द लागतो. आमच्या मतें कोणत्याही विकतच्या सॉफ्टवेअरापेक्षां या एका गोष्टीचा उपयोग अधिक, आणि तिचें वजन शून्य. मात्र विंडोज दहाची नेहमींची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. भिंतीस भगदाड पडलें असतां दारावरचा पहारेकरी काय करणार? ज्यांचें यंत्र विंडोज अकरा पेलूं शकत नाहीं, त्यांनीं लिनक्सचा विचार करावा. तें शिकविण्यास आम्ही आनंदानें बसूं. आणि पैसेच गेले असतील तर सॉफ्टवेअर शोधीत बसूं नये; १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा व बँकेसही कळवावें.

पहारेकरी जागा आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक गमतीची युक्ति विद्यार्थ्यांसाठीं सांगतों. ईकार नांवाच्या युरोपीय संस्थेनें ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती फाईलींत साठवितांच चांगलें सॉफ्टवेअर व्हायरस सांपडल्याप्रमाणें ओरडतें, नुकसान मात्र कांहींच होत नाहीं. शनिवारीं अर्ध्या शाळेनंतर संगणक-खोलींत आम्ही हा प्रयोग करून दाखवूं. घरीं करावयाचा झाल्यास आईवडिलांस अगोदर सांगून करावा, नाहींतर सोमवारीं सकाळीं तेच पुन्हां आमच्या दारीं उभे राहतील.