अर्धा कोयता

आमच्या गावात हिवाळ्यात माणसं घरी येत नाहीत, घरून निघतात. दिवाळी उरकली की धर्मापुरीच्या आणि आसपासच्या गावांच्या फाट्यांवर ट्रक उभे राहतात. भांडी, गोधड्या, कोपीचे बांबू, कोंबड्या, कुत्री आणि लेकरं, सगळं एकावर एक चढतं आणि सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे ऊस तोडायला निघून जातं. परत येणार पाडव्याच्या आसपास. त्यामुळे ‘डिसेंबरच्या सुट्टीत बहिणीकडे इंग्लंडला चाललोय’ हे पुण्यातल्या ऑफिसात सांगणं सोपं होतं, गावात नाही. पारावर एकानं विचारलंच, “कोणता कारखाना रं तिकडं?”

तो चेष्टा करत होता. पण तिथे खरंच कारखाना निघाला. ते पुढे सांगतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अंबाजोगाईला तिनं जीएनएम केलं, मग लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं हातात येणारा पगार सांगायलाही लाज वाटावी असा. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटननं म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी व्हिसा खुला केला आणि वर्षभरात आमच्या भागातल्या नर्सिंग केलेल्या पोरींच्या व्हॉट्सॲपवर एजंटांचे मेसेज फिरायला लागले. ताईनं एकाला गाठलं. अकरा लाख. अर्धे दाजींनी त्यांच्या भावकीकडून उचलले, अर्धे आण्णांनी सोसायटी आणि सावकार मिळून उभे केले. काम मिळवून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं ब्रिटनच्या कायद्यात बसत नाही. पण हे पैसे तिकडे कुठे घेतले होते? इकडे घेतले, रुपयात, पावतीशिवाय.

ठरलं होतं की आधी ताई जाईल, मागून दाजी आणि चिऊ. कागद जमेपर्यंत नियम बदलला. ११ मार्च २०२४ पासून काळजीवाहू कामगारांना नवरा-बायको, लेकरं सोबत नेता येत नाहीत. ताईचं विमान जूनमधलं. एजंटला दिलेले पैसे परत मिळणार नव्हते. चिऊ दीड वर्षाची होती. तिला मायकडे, म्हणजे आमच्या आईकडे, धर्मापुरीला ठेवून ताई गेली.

ज्यांना ऊसतोडीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी ‘उचल’ देतो ती कोयत्यावर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम शक्यतो घेत नाही. उसाला जोडी लागते. ब्रिटनला मात्र अर्धाच कोयता हवा होता.

माय आणि आण्णा माझ्या लहानपणी एक कोयता होते. मी लहान म्हणून त्यांच्यासोबत फडावर जायचो. ताईची शाळा होती म्हणून ती आज्जीजवळ राहायची. एवढंच कारण. पण सहा महिने मायच्या कुशीत मी झोपायचो आणि ताई नाही, हे आमच्या घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही.

व्हिसासाठी मायला घेऊन गेलो तेव्हा बोटांचे ठसे उठेनात. तिथली मुलगी काचेवर बोटं पुन्हा पुन्हा ठेवायला सांगत होती, पुसत होती. ऊस आणि पाचट यांनी वर्षानुवर्षं घासलेली बोटं. रेशनच्या मशीनवरही मायचा अंगठा चालत नाही. शेवटी कसेबसे उठले. चिऊ पाच वर्षांच्या आतली, तिच्या ठशांची गरजच नव्हती. आण्णा आले नाहीत, म्हशी कोण बघणार? दाजींना चाकणच्या कंपनीत रजा मिळाली नाही, आणि आणखी एका तिकिटाचे पैसेही नव्हते.

लंडनला उतरलो ते २० डिसेंबर २०२५. किंग्ज क्रॉसवरून रेल्वेनं दीडेक तासावर न्यूअर्क नावाचं गाव आहे, ट्रेंट नदीच्या काठी. ताई तिथून जवळच राहते. स्टेशनवर ती उभी होती, जाड काळ्या जॅकेटात. चिऊनं तिला बघितलं आणि मायच्या पदरात तोंड खुपसलं. दीड वर्ष ती ताईला रोज बघत होती, पण चार इंचांच्या पडद्यावर. पूर्ण आकाराची मम्मी तिला ओळखू येईना. घरात आम्ही सगळे आईला ‘माय’ म्हणतो म्हणून चिऊही आजीला ‘माय’च म्हणते. मम्मी म्हणजे फोन.

ताई हसली. म्हणाली, “राहू दे, दमलंय लेकरू.” आणि बॅगा उचलायला लागली.

ताईच्या घरात चार खोल्यांत चार जणी राहतात. दोघी केरळच्या, एक झिम्बाब्वेची. स्वयंपाकघर एक. दुपारी चारच्या आत सूर्य मावळायचा आणि सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडायचं नाही. मायला वाटायचं आपण सारखे झोपलोच आहोत. ती पहाटे पाचला उठून अंधारात बसून राहायची. चौथ्या दिवशी मी दोघींना किल्ला बघायला नेलं. नदीकाठी पडका किल्ला आहे, त्यात १२१६ साली इंग्लंडचा राजा जॉन मेला. माय म्हणाली, “आपल्या किल्ल्यावानीच की.” धर्मापुरीच्या किल्ल्याच्या भिंतीत देवळांचे कोरीव दगड चिणलेले आहेत. इथल्या भिंतीत मायनं बराच वेळ तसा एखादा दगड शोधला. सापडला नाही.

मग तिनं मान वर केली. “धूर कशाचा हाय रं?”

गावाच्या टोकाला पांढऱ्या वाफेचा मोठा लोट उठत होता. वास थोडा वेगळा, उकडलेल्या मातीसारखा. मी फोनवर शोधलं. साखर कारखाना. ब्रिटनमध्ये बीटची साखर करतात. चार कारखाने आहेत, त्यातला एक न्यूअर्कला, आणि त्यांचा हंगामही आपल्यासारखाच, ऐन हिवाळ्यातला. रस्त्यावरून बीट भरलेले ट्रक चालले होते. पांढुरके, चिखल लागलेले कंद.

“मंग तोडणारे कुठं राहत्यात?” मायनं विचारलं.

मी सांगितलं की तोडणारे नाहीत. एक मशीन शेतात शिरतं, पाला उडवतं, कंद उपटतं. चालवायला एक माणूस. मायनं ऐकलं. बराच वेळ ती त्या ट्रकांकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हंजी ह्यांच्या कारखान्याला माणूस लागंना, आन् ह्यांच्या म्हाताऱ्यायला लागतो.”

नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे बंद असते, दुकानं बंद असतात. ताईची मात्र सकाळी आठ ते रात्री आठ ड्यूटी. नाताळात घरी राहायला ज्यांना घर आहे त्यांनी रजा घेतलेल्या. मॅनेजरबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं, शेजारीण मैत्रिणीनं गाडीतून सोडलं. हॉलमध्ये वीसेक म्हातारी माणसं डोक्यावर रंगीत कागदाचे मुकुट घालून बसली होती. ताई एका आजीला भरवत होती. ती आजी दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न विचारायची. ताईनं आम्हाला सांगितलं, “ती विचारते, माझी आई कधी येणार? नव्वदीच्या वर वय आहे तिचं.”

“मंग तू काय सांगतीस?”

“येईल म्हणते. संध्याकाळी येईल.”

चिऊ मायच्या मांडीवरून हे सगळं बघत होती. ताई त्या आजीचं तोंड पुसत होती, केस मागे सारत होती, हळू आवाजात काही बोलत होती. थोड्या वेळानं चिऊ खाली उतरली, ताईजवळ गेली आणि तोंड पुढे केलं. मलाही भरव. ताईनं चमचा बदलला आणि उकडलेल्या बटाट्याचा घास दिला. मी मान दुसरीकडे वळवली.

त्या रात्रीपासून चिऊ ताईजवळ झोपायला लागली. आम्हाला जायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

निघायच्या आदल्या रात्री ताईनं हिशोब काढला. अकरातले आठ लाख फिटलेत, तीन राहिलेत. दिवाळीपर्यंत संपतील. पण तिच्या मनात वेगळंच होतं. पाच वर्षं झाली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, तिथवर पोचायचं, मग चिऊला आणायचं. मी तिला आठवण करून दिली की २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं ती पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडलाय, आणि जुलैपासून तर परदेशातून नवीन काळजीवाहू घेणंच बंद केलंय. ताई म्हणाली, “माहीत आहे मला. पण आत्ता सोडलं तर परत येता येणार नाही. आणि लातूरला परत त्याच पगारावर जाऊ?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्यात बसून सल्ला देणं सोपं असतं.

माय कोपऱ्यात चिऊचे कपडे घड्या करत होती. तिनं मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

“आमी पयल्यांदा गेलो तवा एकाच हंगामासाठी गेलो व्हतो. उचल फिटली. मंग म्हणलं पत्रे टाकू. मंग बोअर. मंग तुझं शिक्षण. दर बारीला एकच हंगाम म्हणलं. बारा हंगाम झाले. तवर तू मोठी झालतीस, मला इचारायचं सोडून आज्जीला इचारायलीस.” घडी तिनं दोनदा उलगडली, दोनदा घातली. “उचल फिटेस्तोवर ऱ्हा. त्याच्याम्होरं एक हंगाम जास्तीचा काढायचा असंल तर लेकराला इचारून काढ.”

“तीन वर्षांच्या लेकराला काय विचारू, माय?”

“मी तुला कुठं इचारलं व्हतं?”

ताई काहीच बोलली नाही. केरळच्या मुलीनं दार वाजवून विचारलं, गॅस वापरू का? ताई उठून गेली.

न्यूअर्कच्या स्टेशनवर सोडायला ताई आली, तिची दुपारची ड्यूटी होती. चिऊला वाटत होतं मम्मीही गाडीत बसणार. आम्ही चढलो. मला एकदम आमचा फाटा आठवला. मी ट्रकवर गोधड्यांच्या ढिगावर बसलेलो असायचो आणि ताई खाली आज्जीचा हात धरून. ट्रक सुरू व्हायच्या आधीच ती पाठ फिरवून गावाकडे चालायला लागायची. मला वाटायचं ती माझ्यावर रुसलीय.

गाडी सुटायला दोन मिनिटं होती. ताईनं काचेवरून चिऊच्या हाताला हात लावला आणि वळून जिन्याकडे चालायला लागली.

“मम्मी कुठं चालली?” चिऊनं विचारलं.

“कामाला,” माय म्हणाली. “दिवाळीला येईल.”

मी मायकडे बघितलं. नाताळच्या दिवशी त्या नव्वदीच्या आजीला ताई जे सांगत होती त्याच आवाजात माय हे म्हणाली होती. ते खरं होईल की नाही, हे गाडी हलली तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. चिऊला पटलं. तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. तिला पाचापर्यंतच येतात.