विकणे आहे: एमजीबी, १९७१, रिस्टोअर्ड

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीतला 'रिस्टोअर्ड' हा शब्द म्हणजे आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातीतला 'गृहकृत्यदक्ष'. खोटा असतोच असं नाही, पण प्रत्यक्ष बघायला गेल्याशिवाय त्याचा अर्थ काही कळत नाही. कोणी नुसता रंग मारून रिस्टोअर्ड म्हणतं, तर कोणी नटबोल्ट न् नटबोल्ट उघडून. किंमत मात्र दोघंही दुसऱ्या प्रकाराची लावतात!

तर झालं असं, की सध्या आमचा मुक्काम पोस्ट ऑक्सफर्ड. ऑनसाइट. इथून सहा-सात मैलांवर ॲबिंग्डन नावाचं टुमदार गाव आहे. एमजी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हेक्टर येते, पण ही अक्षरं मूळची 'मॉरिस गॅरेजेस'ची, म्हणजे ऑक्सफर्डच्याच एका गॅरेजची. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला गेला आणि पुढची पन्नासेक वर्षं तिथून दोन सीटच्या, उघड्या टपाच्या गाड्या निघत राहिल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली एमजीबी. १९६२ ते १९८०, पाच लाखांच्या वर गाड्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला रवाना. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला टाळं लागलं. आता गाडी चीनच्या कंपनीची आणि नावापुरती ऑक्सफर्डची. असो.

मला या गाडीचं वेड लागायचं कारण मात्र पक्कं देशी आहे. कोल्हापूरच्या मामांकडे ॲम्बॅसिडर होती. ॲम्बॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते 'बी-सिरीज' घराण्यातलं. त्याच घराण्यातलं मोठं भावंड, १७९८ सीसीचं, दोन कार्ब्युरेटर लावून एमजीबीत बसवलं. म्हणजे आमच्या मामांची भाजी आणायची गाडी आणि ही गोऱ्या साहेबाची चैनीची गाडी, दोघी सख्ख्या चुलत बहिणी! हे कळल्यापासून माझा जीव जडला तो जडलाच.

जाहिरात होती लाल रंगाच्या, १९७१ सालच्या रोडस्टरची. मागणी साडेतेरा हजार पौंड. रुपयांत गुणाकार करायचा नाही असं ठरवलं होतं, तो अर्थातच केला. पंधरा-सोळा लाख. पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेली रक्कम साधारण तेवढीच. त्यामुळे "नुसती बघून येतो" हे मी स्वतःला सांगत होतो, पण बँकेचा बॅलन्स दोनदा तपासून झाला होता.

मालक सत्तरी ओलांडलेले आजोबा. नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्यांनी चहाच्या आधी हातात काय दिलं असेल? फ्रिजवर लावायचं लोहचुंबक! म्हणाले, "रंगावर जाऊ नका. हे सगळीकडे फिरवून बघा." चुंबक चिकटलं तर खाली पत्रा, नाही चिकटलं तर लांबी भरलेली. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीत एका जागी ते घसरलं. "तिथे लांबीच आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

एमजीबीचा खरा जीव असतो दाराखालच्या उंबरठ्यात, म्हणजे सिलमध्ये. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, आणि रोडस्टरला वर टपही नाही. मग सगळा भार पेलणार कोण? ते तीनपदरी सिल. बाहेरून चकचकीत आणि आतून गंजून चाळण झालेलं असू शकतं. बरं, गंजलेलं कापून नवं वेल्ड करायचं तर आधी दाराच्या चौकटीत आडवे टेकू द्यावे लागतात, नाहीतर बॉडी मधोमध दबते आणि दार वरच्या बाजूला घासायला लागतं. म्हणून शहाणा माणूस आधी दारांच्या फटी बघतो. इथे फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. दार बंद केलं तर 'खट्' असा एकच आवाज.

मग निघाला फोटोंचा अल्बम. नऊ वर्षांचं काम! पहिल्या फोटोत ही गाडी म्हणजे भंगार होतं हो. दोन्ही सिल गायब, जमिनीच्या जागी गॅरेजची फरशी दिसतेय, चौकटीत टेकू. मी विचारलं, "नवी बॉडीच का नाही आणली?" प्रश्न वेडगळ नव्हता. १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी जुन्याच साच्यांवर इथे बनते. आजोबा म्हणाले, "आणली असती तर गाडी जास्त चांगली झाली असती. पण मग ही गाडी राहिली नसती."

आता आमच्या धंद्यात हा वाद रोजचा आहे. पंधरा वर्षं जुना कोड समोर आला की आम्ही पहिल्या तासात म्हणतो, "फेकून द्या, नवा लिहू." त्या जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ कुठल्यातरी रात्री कुणीतरी सोसलेल्या बगची खूण असते, हे नंतर कळतं. आजोबांनी मात्र जिथे पत्रा चांगला होता तिथे तो ठेवला आणि जिथे गंज होता तेवढाच कापला. सुट्या भागांचा आणि रंगाचा हिशेब फायलीत होता, तोच मागणीच्या वर जात होता. नऊ वर्षांच्या शनिवारांची किंमत कुठेच लावलेली नव्हती.

मोबाइलवर एका दिवसाचा विमा काढला आणि चालवली. चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, मग ती खोकत खोकत जागी होते. पॉवर स्टिअरिंग नाही. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या! ढुंगण रस्त्यापासून जेमतेम वीतभर, त्यामुळे चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो. आणि इंजिनचा तो घुमणारा आवाज... शपथेवर सांगतो, मामांच्या गाडीचाच, जरा तालमीत जाऊन आलेला.

परत आल्यावर आजोबांनी दोनच प्रश्न विचारले. "ठेवणार कुठे?" आणि "दर महिन्याला किती शनिवार देणार?" स्वतःचे गुडघे आता त्या सीटवरून उठू देत नाहीत, म्हणून ते विकत होते. घासाघीस सोडाच, पैशांबद्दल अवाक्षर नाही.

माझी उत्तरं: भाड्याच्या घरासमोरचा रस्ता, आणि व्हिसा पुढच्या वर्षीपर्यंत. इथल्या एका पावसाळी हिवाळ्यात उघड्यावर राहिली असती तर त्या सिलमध्ये पाणी शिरायला सुरुवात झाली असती, आणि त्यांची नऊ वर्षं माझ्या हौसेपायी गंजली असती. पैसे फ्लॅटला लागणार होते हे खरंच. पण फ्लॅट नसता तरी मी बुधवारी फोन करून 'नाही'च म्हटलं असतं. ते म्हणाले, "बरं केलंत. गॅरेज मिळालं की कळवा." दोन आठवड्यांत गाडी विकली गेली. घेणाऱ्याकडे गॅरेज आहे, एवढं मी विचारून घेतलं.

त्याच रात्री मामांना फोन लावला. म्हटलं, आपल्या ॲम्बॅसिडरचं शेवटी काय झालं हो? "अरे, ती किलोवर गेली," मामा म्हणाले, आणि मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही.

असो. मंडळी, तुमच्यापैकी कोणी घ्यायच्या विचारात असेल तर एवढं करा. चुंबक न्या. फोटोंचा अल्बम मागा, नसेल तर किंमत निम्मी धरा. १९७४ च्या अखेरीपासून रबरी बंपर आले आणि गाडी उंच झाली, ती स्वस्त मिळते म्हणून नाक मुरडू नका. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि २०१८ पासून सहसा वार्षिक तपासणीची सक्तीही नाही, म्हणूनच स्वतः तपासत राहा. पेट्रोल महागातलं, कमी इथेनॉलचं भरा.

आणि हे सगळं करायच्या आधी, गॅरेज बघा.