समुद्रकाठच्या सुट्टीचा बेत

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जावे हा प्रश्न दिसावयास अगदी साधा; परंतु एकत्र कुटुंबात तो सोडवावयाचा म्हणजे लांबलचक श्लोकाचा अन्वय लावण्याइतके कठीण काम असते. कर्ता पहिल्या चरणात, क्रियापद चौथ्या चरणात, आणि मध्ये विशेषणांची गर्दी! कोणास थंड हवा हवी असते, कोणास देवदर्शन, कोणास माहेर. मुलांना पाणी दिसले म्हणजे झाले. एकत्र कुटुंबाचे वैभव पंक्तीच्या वेळी दिसते, तसा त्याचा न्याय प्रवासाच्या वेळी दिसतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे घर धाराशिवचे. लहानथोर मिळून चौदा माणसे. त्यांपैकी निम्मी पोटापाण्यासाठी पुण्यास असतात व सणावारी घरी येतात. गेल्या दिवाळीत सर्व मंडळी जमली असता धाकट्या बंधूंच्या थोरल्या चिरंजीवांनी प्रस्ताव मांडला की, येत्या मे महिन्यात सर्वांनी मिळून भूमध्य समुद्रातील बेटांवर जावे. "अण्णाकाका, ग्रीसची बेटे, नाही तर माल्टा! निळे पाणी, पांढरी घरे, लख्ख ऊन. आयुष्यात एकदा तरी पाहावेच." ऊन पाहावयास धाराशिवच्या माणसाने इतक्या दूर का जावे, अशी शंका त्याच्या आईने काढली आणि सर्वजण हसले, तथापि प्रस्ताव कोणी फेटाळला नाही. आमच्या आजोबांच्या काळी कोणी असे बोलले असते तर समुद्रयान हे कलिवर्ज्य म्हणून वाद माजला असता. मला मात्र तसा आक्षेप घ्यावयाचा नव्हता. कारण आपल्या जिल्ह्याचा त्या समुद्राशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे.

धाराशिवहून वीसएक किलोमीटरांवर, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांचे तेर आहे. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा एका ग्रीक भाषिक खलाशाने 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाणारे सागरप्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. त्यात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा उल्लेख आहे. तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे व तेथून गलबतांत चढत असे. उलट बाजूने भडोचला जे जिन्नस उतरत, त्यांत इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, काच आणि पोवळी यांची नोंद आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली; आणि ते नगर तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते! आमच्या कोरड्या माळरानावरच्या गावाने दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राशी असा व्यवहार केला आहे.

हे सारे मी मुलांना सांगत असता आमच्या थोरल्या वहिनी आतून एक जुनी डबी घेऊन आल्या. तीत माझ्या आईची पोवळ्यांची माळ होती. अस्सल तांबडे पोवळे म्हणजे भूमध्य समुद्राची जुनी ख्याती; रोमन लोकांना मोत्यांचे जितके अगत्य तितके हिंदी लोकांना पोवळ्यांचे, असे रोमन पंडित प्लिनीने लिहून ठेवले आहे. वहिनींनी माळ उजेडात धरली आणि हसत म्हणाल्या, "म्हणजे आमच्याआधी ह्या माळेने समुद्र पाहिला म्हणायचा!" नऊ वर्षांच्या नातीने लगेच विचारले, "मोठी आजी, तुम्ही समुद्र पाहिलाच नाही?" वहिनी "नाही ग बाळ," असे म्हणून दिवेलागणीसाठी आत निघून गेल्या. ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

वहिनींचे वय आज शहात्तर आहे. त्या या घरात आल्या त्यास पन्नासांहून अधिक वर्षे लोटली, आणि थोरले बंधू निवर्तल्यासही बारा वर्षे झाली. त्यांना मूलबाळ नाही. पण घरातील प्रत्येक मूल त्यांच्या मांडीवर वाढलेले आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर एवढाच त्यांचा प्रवास. घरची मंडळी महाबळेश्वरास गेली तेव्हा गाय व्यालेली होती. काशीस गेली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. रामेश्वरास गेली तेव्हा नळाला पाणी पाच दिवसांआड येत होते आणि ते भरून ठेवावयास कोणीतरी हवे होते. रामेश्वराहून त्यांच्यासाठी आणलेला शंख देवघरात आहे. प्रत्येक वेळचे कारण खरे होते. त्यात कोणी कोणास फसविले नाही. परंतु खरी कारणे दर वेळी एकाच माणसाच्या वाट्यास यावीत, हा काही योगायोग म्हणता यावयाचा नाही. कुटुंबातील हक्कांची वाटणी कागदावर होते. गैरसोयींची वाटणी न बोलता होते, आणि जो बोलत नाही त्याच्याकडे ती जाते.

यानंतर बेताचा विचार आम्ही नव्याने, वहीपेन्सिल घेऊन केला. प्रथम ऋतू. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तेथील समुद्रस्नानाचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि त्या वेळी तेथील पाणी अद्याप थंडच असते. म्हाताऱ्या माणसास त्यात पाय बुडविणेही जड जावे. दुसरी गोष्ट प्रवेशपत्राची. ग्रीस व माल्टा ही दोन्ही राष्ट्रे शेंगेन संघातील; तेथील व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ४५ युरो, आणि सहा वर्षांखालील मुलास माफ. आमच्या चौदा माणसांचे ११२५ युरो, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास रुपये, केवळ अर्जापायी. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाहीत. शिवाय माणशी ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी मोठ्या माणसांनी समक्ष हजर राहावयाचे. वहिनींचा तर पासपोर्टच नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. ती आम्हा मराठवाड्याच्या लोकांच्या मनात चटकन भरते. क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट आमच्या जिल्ह्याहून थोडेसेच मोठे. परंतु लहान बेटांची स्थिती निराळी. माल्टा देशास पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावा लागतो, आणि कित्येक ग्रीक बेटांना उन्हाळ्यात जहाजांतून पाणी पुरवावे लागत आले आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे पाहिलेल्या मुलांना त्या बेटांचे दुःख समजावून सांगावे लागले नाही.

एवढे झाल्यावर चिरंजीव स्वतःच म्हणाले, "मग कोकणच बरे. मोठ्या काकूंना घेऊन जायचे असेल तर तेच." बेत ठरला तो मालवणचा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुळजापुरावरून जातो. तोच धरून सोलापूरमार्गे कोल्हापूर गाठावयाचे, तेथे अंबाबाईचे दर्शन घेऊन मुक्काम करावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोंडा घाट उतरून मालवण. एकंदर अंतर साडेचारशे किलोमीटरांच्या घरात. तेथे बेटही आहे. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामास आरंभ केला तो सिंधुदुर्ग कुरटे बेटावर उभा आहे, आणि २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या बारा किल्ल्यांत त्याची गणना झाली आहे. चहूंकडे खारा समुद्र असता आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ज्यांचा जन्म पाणी भरण्यात गेला, त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.

ज्यांना असाच बेत करावयाचा असेल त्यांच्यासाठी दोनतीन व्यावहारिक गोष्टी सांगतो. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात उतरतो, आणि त्यापूर्वीच मेअखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होतात. म्हणून २० मेच्या आत परतावे. तिथी पाहून दिवस ठरवावा. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा जोर कमी. म्हातारी माणसे व मुले बरोबर असतील तर सप्तमी-अष्टमी साधावी; दुपारी चारच्या सुमारास पाणी सावकाश चढत असते. ओहोटी लागली म्हणजे कोणासही पाण्यात शिरू देऊ नये, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद घालू नये. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी हातभरही नसते. तेथे हा हिशेब लागत नाही, आपल्याकडे तो प्राणांशी निगडित आहे. जेवणाखाण्याची चिंता नको. मत्स्याहाराचा मुलूख असला तरी घरगुती राहण्याच्या ठिकाणी आगाऊ सांगितल्यास घावणे, काजूची उसळ, सोलकढी असे शाकाहारी जेवण मिळते.

सर्वांत अवघड काम उरले होते ते वहिनींना राजी करण्याचे. "भाऊजी, तुम्ही सगळे जाऊन या. देवाला कोण पाहील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हणालो, "वहिनी, प्रवासात मानसपूजा चालते, शास्त्राचे दडपण असेल तर ते माझ्यावर सोडा." यावर त्या म्हणाल्या, "आणि पाणी? ते मानस भरता येत नाही!" या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते धाकट्या पुतण्याने दिले. हा मुलगा चोवीस वर्षांचा, पुण्यास नोकरीस असतो. तो म्हणाला, "मोठ्या काकू, मी राहतो घरी. नैवेद्य दूध-साखरेचा दाखवीन, नंदादीप सांभाळीन, आणि पाणी आले की टाक्या भरीन. मला समुद्र पाहायला पुष्कळ वर्षे आहेत." वहिनींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग एवढेच विचारले, "तिकडे उकाडा फार असतो का हो? सुती लुगडीच घेते."

भूमध्य समुद्राचा बेत आम्ही मोडलेला नाही. ज्या तरुण जोडप्यांना जावयाचे असेल त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस जावे. तेव्हा तेथील पाणी उन्हाळाभर तापून उबदार झालेले असते आणि गर्दी ओसरू लागते. त्यांनी अवश्य जावे, आणि पाँपेईची ती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, ती पाहून यावी. परंतु सर्व घराचा म्हणून जो प्रवास असेल, त्याचा नियम आम्ही आता वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे. स्थळाचे नाव मागाहून घालावयाचे. आधी मागे कोण राहणार त्याचे नाव लिहावयाचे, आणि मागच्या खेपेस जे नाव लिहिले असेल ते पुन्हा लिहावयाचे नाही. यंदाच्या पानावर धाकट्या पुतण्याचे नाव आहे. पुढच्या वर्षीच्या पानावर माझे लिहावे, असे मी सांगून ठेवले आहे.