पुस्तकातील चौकट

जुन्या शाळेत अध्यापनाची साधने मोजकीच असत. भिंतीवरचा काळा फळा, खडूचा तुकडा, मुलांच्या हातातील दगडी पाटी आणि गुरुजींचा खणखणीत आवाज, एवढ्या भांडवलावर कित्येक पिढ्या शहाण्या झाल्या. आजच्या पाठ्यपुस्तकात मात्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक लहानशी चौकट आढळते. प्रथम पाहणाऱ्यास ती अर्धवट राहिलेल्या रांगोळीसारखी वाटते. पण तिच्यासमोर मोबाइल धरला, की पुस्तकातील मुकी कविता गाऊ लागते आणि नकाशातील नदी वाहू लागते!

या चौकटीला क्यूआर कोड म्हणतात. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ साली जपानमध्ये तिचा जन्म झाला. कारखान्यातील ही युक्ती कल्पक शिक्षकांनी शाळेत आणली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना तिची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती आली. २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. साधनापेक्षा साधन वापरणाऱ्याचे मन मोठे असावे लागते, ते असे.

त्याच वर्षी मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि या साधनाची मर्यादाही कळून आली. घरात मोबाइल एकच, आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला! अशा घरातील मुलाने पुस्तक उघडले, तरी चौकट मुकीच राहिली. त्याला हवे होते ते दारी येऊन विचारपूस करणारे माणूस.

मोबाइल हाताशी असला, तरी माणसाची गरज सरत नाही. पडद्यावर ज्वालामुखी उसळताना मुले डोळे विस्फारून पाहतात. तेवढ्यात बाई चित्र थांबवतात आणि विचारतात, ‘‘आता पुढे काय होईल?’’ वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. इतका वेळ नुसती पाहणारी मुले तेव्हा विचार करू लागतात. शेवटच्या बाकावरील मुलीच्या कपाळावर उमटलेली आठीही बाईंच्याच नजरेस पडते.

त्या चौकटीची रचना मोठी मौजेची आहे. तिच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांमुळे यंत्राला तिची दिशा उमगते; म्हणून पुस्तक आडवे धरा की उलटे, ती वाचता येते. माहितीची थोडी शिल्लक तिच्यात राखून ठेवलेली असते. त्यामुळे ती जराशी मळली वा फाटली, तरी सहसा अर्थ हरवत नाही. मुलांनाही असेच वाचावे लागते. कोणी अबोल, कोणी खोडकर, कोणी गृहपाठाची वही विसरून आलेला. त्यांना कोणत्याही बाजूने वाचू शकणारा शिक्षक वर्गात असेल, तर त्याच्या हाती खडू असो वा पडद्याची कळ, धडा मुलांपर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.