पिठाचे गहू होत नाहीत

आपला पासवर्ड संगणकाला माहीत असतो, असं आपण धरून चालतो. पण व्यवस्था धड असेल, तर तो त्याला ठाऊकच नसतो! त्याच्याकडे असतं ते त्या शब्दाचं पीठ. आपण शब्द टंकला की तो पुन्हा दळायचा आणि जुन्या पिठाशी ताडून पाहायचा, एवढंच. ह्या दळणाला हॅशिंग म्हणतात.

मंडळी, सी भाषेत दहा-बारा ओळींत हे करून बघता येतं. युनिक्समध्ये पूर्वीपासून 'क्रिप्ट' नावाचं फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: शब्द आणि मीठ. होय, मीठच म्हणतात! दोघांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून पीठही वेगळं. मिठाआधी डॉलर-सहा-डॉलर लिहिलं की लिनक्सवर एसएचए-५१२ची पद्धत लागू होते. एरवी ५००० फेऱ्या, आणि शेवटी ८६ अक्षरांचं पीठ. कंपाइल करताना मात्र जीसीसी 'क्रिप्ट' सापडत नाही म्हणून कुरकुरतं, कारण ते वेगळ्या लायब्ररीत राहतं. आज्ञेत आपल्या फाइलच्या नावानंतर उणे चिन्ह आणि एलक्रिप्ट जोडलं की काम फत्ते.

हा खटाटोप केला तो काकूसाठी. काका गेल्यावर त्यांच्या लिनक्सच्या लॅपटॉपमधले फोटो आणि हिशेब मी अर्ध्या तासात काढून दिले, कारण डिस्कला कुलूप नव्हतं. पण काकूला तेवढंच नको होतं. "ह्यांचा पासवर्ड काय होता रे? रोज सकाळी काहीतरी टाइप करायचे."

मी तिच्यासमोर प्रोग्रॅम चालवला. तिने एक शब्द दिला, खाली ती लांबलचक ओळ उमटली. "आता हे उलटं फिरव," ती म्हणाली. मी म्हटलं, "काकू, पिठाचे गहू होतात का?" उरतो एकच मार्ग, अंदाज. एकेक शब्द त्याच मिठाबरोबर दळून पाहायचा, जुळतो का ते बघायचं.

कधी कधी जुळतोही. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन यांच्या जुन्या पासवर्डचं पीठ बीएसडीच्या सुरुवातीच्या फाइलींत राहून गेलं होतं. तेव्हाची पद्धत शब्दाची पहिली आठच अक्षरं बघायची. तरी तो शब्द फुटायला २०१९ साल उजाडलं. निघाली काय, तर बुद्धिबळातली पहिली खेळी! वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. 'बेल' हे बुद्धिबळ खेळणारं यंत्र घडवणाऱ्या माणसाला शोभेलसंच. मला वाटलं, माणूस पासवर्ड निवडतो तेव्हा कोणी बघत नसतं, म्हणून तिथे तो खरा सापडतो.

काकूला हे सांगितलं आणि म्हटलं, "दे चार-पाच शब्द, दळून बघू." तिने बराच वेळ विचार केला.

"नको रे. मी माझं नाव सांगणार, आणि ते जुळलं नाही तर?"

मी ती फाइल पुसलेली नाही. आणि दळणही घातलेलं नाही.