सेंट थॉमस कॅथीड्रल आणि हॉर्निमन सर्कल

सेंट थॉमस कॅथीड्रल हे मुंबईतले पहिले अँग्लिकन चर्च. फोर्टमधल्या या वास्तूचा पाया गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या कारकिर्दीत, १६७६ साली घातला गेला. पुढच्याच वर्षी आँजिए वारला आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून काम पुन्हा सुरू केले आणि १७१८च्या नाताळात चर्च उपासनेसाठी उघडले. किल्ल्याच्या पश्चिमेकडील दरवाजाला या चर्चवरूनच चर्चगेट हे नाव पडले. तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली. नाव मात्र स्टेशनाकडे आले. बेटावरची अंतरेही या चर्चपासूनच मोजली जात. रोमन आकडे कोरलेले त्या काळचे मैलाचे दगड आजही दक्षिण आणि मध्य मुंबईत रस्त्याकडेला सापडतात. शहराचा शून्य मैल एकेकाळी या दारात होता, हे फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक आहे.

चर्चच्या पूर्वेचे मोकळे मैदान म्हणजे बॉम्बे ग्रीन. तेथे कापसाचे गठ्ठे रचलेले असत. मैदानाच्या पलीकडे १८३३मध्ये डोरिक खांबांचा टाउन हॉल पूर्ण झाला. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय त्यातच आहे. कापसाचा बाजार १८४४मध्ये कुलाब्याला गेला आणि मैदानाला अवकळा आली. येथे वर्तुळाकार बाग व्हावी ही कल्पना चार्ल्स फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याची. बागेभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या, खाली कमानींची पडवी असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. १८७२च्या सुमारास हे एल्फिन्स्टन सर्कल तयार झाले. एवढ्या शिस्तीने आखलेला दुसरा चौक मुंबईत दाखवणे अवघड आहे. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. भारतीयांची बाजू मांडली म्हणून सरकारने १९१९मध्ये त्यांना हद्दपार केले होते. ज्या चौकावर आधी गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव होते तेथे त्यांचे नाव यावे, हे अगदी यथायोग्य झाले.

दरम्यान १८३७मध्ये चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला आणि लगोलग मनोरा चढला. वेदीकडचा भाग १८६०च्या दशकात गॉथिक पद्धतीने नव्याने बांधला गेला. त्यामुळे एकाच वास्तूत दोन शतकांच्या दोन अभिरुची दिसतात: मुख्य दालन साधे आणि पांढरे, तर वेदीकडे टोकदार कमानी व रंगीत काचा. दाराबाहेरच्या कारंज्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्याचा खर्च पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनी उचलला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वास्तूचा खरा इतिहास तिच्या भिंतींवर आहे. स्मृतिशिलांवरची वये वाचत गेल्यावर मन सुन्न होते. तिशीही न गाठलेले कितीतरी लष्करी अधिकारी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तापाने, लढाईत किंवा समुद्रावर गेले. फ्रेंच युद्धनौका पकडताना १८०८मध्ये पडलेला कॅप्टन हार्डिंज त्यांपैकीच एक. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११मध्ये वारला. त्याच्या स्मारकात बनारस व काठेवाडातील बालहत्या थांबवण्याच्या त्याच्या कामाचा उल्लेख आहे. वाचकाने येथे सवडीने थांबावे. घाईच्या फेरीत संगमरवर दिसतो, माणसे दिसत नाहीत.

पुढे वास्तूची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि २००४मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. कॅथीड्रलमध्ये उपासना आजही चालते.